माणूस दिसल्यास

लिफ्टनं तिसरा मजला सोडला तेवढ्यात शीलाच्या मानेला मागून कुणाचा तरी हात लागला, आणि काय होतंय हे कळायच्या आत तिच्या हातातली स्टीलची पाण्याची बाटली त्या हाताच्या मालकाच्या तोंडावर बसली. मालक म्हणजे सुदर्शन, फाउंडेशनच्या पुण्याच्या ऑफिसचा प्रमुख, शीलाचा साहेब, वयानं तिच्याहून सहा वर्षांनी लहान आणि इतका सज्जन की शिपायालाही ‘वेळ असेल तर’ म्हणून काम सांगणारा. शीलाच्या नव्या कुर्त्याची किमतीची चिठ्ठी गळ्याबाहेर लोंबत होती. बाई बैठकीत तशाच उभ्या राहतील म्हणून ती आत सारायला त्यानं दोन बोटं पुढं केली होती, एवढाच त्याचा गुन्हा. खालचा ओठ फाटला. लिफ्टच्या आरशावर रक्ताचे दोन थेंब उडाले आणि सावकाश ओघळले. “काही नाही, काही नाही,” म्हणत तो रुमाल शोधत राहिला आणि शीला बाटली तशीच उगारून उभी राहिली, कारण हात खाली यायला तयार नव्हता. खरं सांगायचं तर तिला आधी बरं वाटलं. घाव नेमका बसला, मनगटाला तो कळला, आणि एकोणीस दिवसांत पहिल्यांदा छातीतली हवा पुरती बाहेर पडली. वाईट वाटणं नंतर आलं, दार उघडल्यावर, रिसेप्शनवरची मुलगी तोंडावर हात घेऊन उठली तेव्हा.

बैठकीला अजून पाऊण तास होता. शीला बाथरूममध्ये जाऊन मानेवर पाणी मारत राहिली. बिबट्या मानेला धरतो. जुन्नर तालुक्यातल्या आळ्याच्या मळ्यात, शीलाच्या माहेरी, वाढलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. वाकलेलं, उकिडवं बसलेलं, आपल्या उंचीचं काही दिसलं की त्याला ते शेळीवासरासारखं वाटतं, आणि मग तो मागून येतो. त्याच मळ्यातल्या ठमाकाकूला त्यानं असंच धरलं. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, दुपारी चारच्या उन्हात, ती शेळ्यांसाठी घास कापत बसली असताना. विळा शेवटपर्यंत तिच्या मुठीत होता. तो काढायला एकेक बोट उलगडावं लागलं, असं सयाजीनं फोनवर सांगितलं. सयाजी तिचा मुलगा, त्यानंच ती बोटं उलगडली होती. उसात चाळीसेक फूट ओढत नेलेल्या वाटेवर पाचट दोन्हीकडं सारलं गेलं होतं आणि मधेच तिची एक चप्पल सरळ, कुणी काढून ठेवावी तशी पडली होती. शीला मातीला पोचली तोवर तोंड झाकलेलं होतं. पण त्या कापडाखाली डोकं ज्या बाजूला कललं होतं, त्या बाजूला माणसाचं डोकं कलत नाही. तिनं तेवढंच पाहिलं आणि तेवढं पुरलं. तेव्हापासून ती खुर्चीत बसली की पाठ भिंतीला लावायची. हॉटेलात, ऑफिसात, घरात एकटी असतानासुद्धा. आणि लिफ्टमध्ये नेमकी आज पुढं उभी राहिली.

ठमाकाकू बसली होती तिथून बारा पावलांवर शीलाचा खांब होता. फाउंडेशनच्या भाषेत त्याला ‘लोकहिताचं तंत्रज्ञान’ म्हणत. ज्या यंत्रांत कुणाला नफा दिसत नाही म्हणून ती कुणी बनवत नाही, ती लोकांसाठी दानाच्या पैशातून बनवून घ्यायची, असा तो विभाग आणि शीला त्याची व्यवस्थापक. वीस वर्षं तिनं शाळेतले संगणक, पाण्याचे मीटर, तक्रारींची ॲप असं पुष्कळ काही मंजूर केलं होतं आणि त्यातलं निम्मं गंजलेलंही पाहिलं होतं. पण पोटातून काही केलं असेल तर ते हे खांब. जुन्नर आणि आंबेगावातल्या अकरा मळ्यांत, उसाच्या कडेला, वर सौर पाटी, खाली कॅमेरा, एक डबा आणि भोंगा. कॅमेरा दर दोन सेकंदांनी चित्र घेणार, डबा ते तपासणार, बिबट्या असला की भोंगा बोंबलणार, आणि माणसं घरात, बिबट्या उसात. त्या शुक्रवारपर्यंतच्या चौदा महिन्यांत एकसष्ट वेळा तो बोंबलला आणि त्या अकरा मळ्यांत एक माणूस दगावलं नाही. लोक त्याला शीलाताईचा भोंगा म्हणायचे. माहेरी गेली की म्हातारी माणसं तिला चहा पाजून विचारायची की बाई, तुझ्या ह्या डोळ्याला चष्मा लागायचा न्हाई ना. शीला हसायची. ते दिवस आठवले की आता तिला स्वतःचंच हसणं ऐकू यायचं आणि ते बंद कसं करावं ते कळायचं नाही.

खांब उभे राहायच्या आधी मळ्यातल्या मारुतीच्या सभामंडपात बैठक झाली होती. खांब बनवणाऱ्या कंपनीच्या पोरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. पुरुषांनी बॅटरी किती चालेल, माकडं तारा तोडतील काय, असं विचारलं. बायका मागं बसल्या होत्या. त्यातून ठमाकाकू उठली आणि पदर सावरून म्हणाली, “ह्यो डोळा रातंदिस उघडा. मंग आमी बाया बांधाआड बसाया गेलो, तरी बघणार का ह्यो?” पुरुष खो खो हसले. काकू हसली नाही. घरोघर संडास झालेत हे खरं, पण खुरपायला गेलेली बाई दीड मैल चालत घरी येत नाही, ती बांधाआड जाते, एकीनं उभं राहायचं आणि दुसरीनं बसायचं, ही त्या मळ्यातल्या बायकांची जुनी वहिवाट. हसणाऱ्यांच्या सभामंडपात शीलाला एकदम आपलं तेरावं वर्ष आठवलं. बाजरीच्या कडेला ती बसली होती, सोबत कुणी नव्हतं, आणि बांधावर गावातला एक बाप्या येऊन उभा राहिला. गेला नाही. ओरडला नाही, हसला नाही, फक्त उभा राहून बघत राहिला, आणि तिला उठताही येईना आणि बसताही येईना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मागून एक धोंडा आला आणि त्या बाप्याच्या कपाळावर फुटला. त्याचा डोळा रक्तानं भरला. दुसरा धोंडा आला तो खांद्यावर. तिसरा हातात घेऊन ठमाकाकू चालत आली, तेव्हा चांगली तिशीतली, उंच, आणि तो पळाल्यावर तिनं शीलाला उठवलं, स्वतः तिच्यापुढं पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, बस आता, मी हाय. घरी जाताना दोघींपैकी कुणी एक अवाक्षर काढलं नाही. पुढं कधीच काढलं नाही. शीलाच्या मनात मात्र ती उभी पाठ तशीच राहिली, हिरव्या लुगड्यातली.

म्हणून त्या बैठकीवरून पुण्याला परत येताना, गाडीतच, तिनं नियम लिहून काढला. माणूस दिसल्यास चित्र टाकून द्यावे. साठवू नये, पाठवू नये, पुढे तपासू नये. कंपनीच्या पोरांनी कुरकुर केली, पण पैसा फाउंडेशनचा, तेव्हा शब्दही फाउंडेशनचा. विश्वस्तांना नियम इतका आवडला की त्यांनी तो सगळ्या प्रकल्पांना लावता येईल का याची समिती नेमली. बंगळुरूच्या परिषदेत शीलानं ठमाकाकूचा फोटो मोठ्या पडद्यावर दाखवला, खाली काकूचा प्रश्न लिहिला, आणि चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. फोटोला काकूची रीतसर परवानगी होती. सही करताना तिनं विचारलं होतं की फोटोत दात दिसत्यात का. पुढं तो फोटो पत्रकावर छापून आला. पत्रकाचा एक गठ्ठा अजून शीलाच्या टेबलाखाली होता आणि गेले एकोणीस दिवस ती पाय आखडून बसत होती.

मातीवरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्या खांबाची नोंद उघडली. चित्रं नसतातच, नियमच तसा. पण डबा प्रत्येक चित्राची एक ओळ लिहून पुण्याला पाठवतो. वेळ, काय दिसलं, काय केलं. चार वाजून अकरा मिनिटांनी ओळ होती: माणूस. बिबट्या. टाकले. दोन सेकंदांनी पुन्हा: माणूस. बिबट्या. टाकले. मग पुन्हा. आधी तिला वाटलं, यंत्र अडकलं असेल. ती खाली सरकत गेली. दोनशे एकोणीस ओळी. सात मिनिटं अठरा सेकंद तो उसाच्या तोंडाशी बसून काकूकडं बघत होता, आणि डबा सात मिनिटं अठरा सेकंद दोघांकडं बघत होता, ओळखत होता, आणि तिनं शिकवल्याप्रमाणं सभ्यपणे नजर वळवत होता. भोंगा वाजवायची आज्ञा टाकून देण्याच्या आज्ञेच्या खाली होती. तिथवर तो पोचलाच नाही. बिबट्या आणि माणूस एकाच चित्रात येतील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं की बिबट्या आधी एकटा दिसेल आणि माणसं नंतर पळतील. काकू आधीपासून तिथं बसली होती. शेवटच्या ओळीनंतर पुढच्या ओळीत दोघंही नव्हती. नुसतं: काही नाही. काही नाही. काही नाही.

तिनं कंपनीला फोन करून तासाभरात नियम काढायला लावला. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. खरं तर तिथंच ते संपलं असतं. चूक दुरुस्त झाली होती, पुन्हा कुणी मरणार नव्हतं, आणि नोंद तिच्याशिवाय कुणी उघडणार नव्हतं. संपलं नाही ते झीशानमुळं.

झीशान जुन्नरचा. त्याच्या वडिलांचं, इस्माईलभाईंचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, मळ्यातल्या विहिरींच्या जळक्या मोटारी तिथंच यायच्या. हा डिप्लोमा करून घरीच होता, तो अकरा खांबांचा मेकॅनिक म्हणून लागला. त्या शुक्रवारी सकाळी दहाला तो शिडी लावून त्याच खांबावर चढला होता, काचेवरची कोळ्याची जाळी पुसायला. मळ्यानं ते पाहिलं होतं. संध्याकाळी पाच वाजता, काकूला उसातून बाहेर काढल्यावर, तो आपण होऊन मोटारसायकलवर धावत आला, भोंगा का वाजला नाही ते बघायला. तोवर मळ्याचा निकाल झाला होता: ह्यानंच बॅटरी काढली, काढून विकली. त्याच्या पिशवीत एक जुनी बॅटरी निघाली, ती दुसऱ्याच खांबाची, पण ते ऐकणार कोण. त्याच्याच वायरनं त्याला त्याच खांबाला बांधला. सयाजीच्या हातात बोअरच्या लोखंडी पाईपचा हातभर तुकडा होता. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो शीलाच्या फोनवरही आला. तिनं तो आवाज बंद करून पाहिला, मग आवाज लावून पाहिला. उजव्या हातावर पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला हाड तुटल्याचा आवाज येतो, ऊस मोडताना येतो तसा. त्यानंतर झीशान ओरडायचा थांबतो आणि सयाजी ओरडायला लागतो, “माझी आय, माझी आय,” आणि मारत राहतो. मग लोकांनी डबा फोडला, खांब उपटला. तीन दिवसांनी वनखात्यानं लावलेल्या पिंजऱ्यात एक मादी सापडली. तोच बिबट्या कशावरून, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. पिंजऱ्याच्या गजांतून सळया घातल्या. तिचा एक डोळा फुटला, जबडा मोडला, आणि ती मागच्या गजांना चिकटून लघवी करत राहिली, तेव्हा लोक हसले. तोही व्हिडिओ आला. दोन्ही व्हिडिओंत तेच ऊन, तीच माणसं, आणि मधे कुणीतरी बांधलेलं. शीलाला झोपेत ते एकमेकांत मिसळायला लागले.

पाचव्या दिवशी ती मंचरला दवाखान्यात गेली. झीशानचा उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये, तीन बोटं काळीनिळी, ती पुन्हा हलतील का ते डॉक्टर सांगत नव्हते. त्याची आई रुक्साना पायाशी स्टुलावर बसून संत्र सोलत होती आणि एकेक फोड त्याच्या तोंडात घालत होती. सयाजीनं त्याच्यावर पोलिसांत तक्रार दिली होती, निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याची. त्यानं शीलाला पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला. “मॅडम, मी बॅटरी नाय काढली,” तो म्हणाला. “तुमी पुण्यात लॉग बघू शकता ना? त्यात दिसंल सगळं.” शीलानं नोंद तेव्हा तीनदा वाचलेली होती. तिच्या पर्समध्ये तिची छापील प्रत होती. ती म्हणाली, “बघते.” रुक्सानानं संत्र्याची एक फोड तिच्या हातावर ठेवली आणि शीलानं ती खाल्ली. हे तिला सगळ्यांत जास्त लागलं होतं, फोड खाल्ली ते. थुंकायला पाहिजे होती, सांडायला पाहिजे होती, पण ती चांगली गोड लागली आणि तिनं बी चिमटीत धरून केराची टोपली शोधली.

बैठक अकराला सुरू झाली. चाळीस गावांत खांब वाढवायचे की नाही, एवढाच विषय. पडद्यावर सहा जण, खोलीत पाच, आणि सुदर्शन ओठावर पट्टी लावून, ‘लिफ्टमध्ये धडकलो’ असं हसत सांगत. त्याच्या त्या खोट्यानं शीला जास्तच चिडली. तिच्यापुढं तिनंच तयार केलेला अहवाल होता आणि पान सातवर एक वाक्य, जे वकिलांनी दोनदा घासून दिलं होतं: स्थानिक पातळीवर देखभालीत त्रुटी राहिल्याची शक्यता असून प्रशिक्षण अधिक सक्षम करण्यात येत आहे. पान सात आलं. तिनं तोंड उघडलं आणि वाक्याऐवजी वेळ बाहेर पडली, चार वाजून अकरा मिनिटं. मग ती थांबली नाही. दोनशे एकोणीस ओळी आहेत म्हणाली, नियम माझा म्हणाली, त्या पोराचा हात सयाजीनं तोडला पण पाईप मी दिला असं काहीतरी म्हणाली, आणि प्रत खाली ठेवली. मग पडद्यावरच्या मुख्य विश्वस्त बाई, अगदी मायेनं, म्हणाल्या की हे फार मोलाचं आहे, याला धैर्य लागतं, आणि हे अहवालाच्या ‘आपण काय शिकलो’ या भागात जायला हवं. नाव न घेता. शिवाय प्रकरण पोलिसांत आहे तेव्हा वकील म्हणेपर्यंत बाहेर काही बोलू नये. चाळीस गावं मंजूर झाली. जेवायला काय मागवायचं याची चर्चा सुरू झाली. सुदर्शन तिच्याशेजारी येऊन हळूच म्हणाला, “शीला, नियम चूक नव्हता. तुझं कारण बरोबरच होतं.” ओठ सुजल्यामुळं त्याला नीट बोलताही येत नव्हतं. तो मनापासून बोलत होता, आणि तिला त्याला दुसऱ्यांदा मारावंसं वाटलं.

तिनं पर्स उचलली, खाली आली आणि गाडी नाशिक रस्त्याला लावली. चाकणचे ट्रक, राजगुरुनगर, मंचर. मंचरला दवाखान्याच्या फाट्यावर पाय आपोआप ब्रेकवर गेला, पण झीशानला तिथून घरी सोडल्याला आठवडा झाला होता. सारखं वाटत होतं की मागच्या सीटवर काहीतरी बसलंय. तिनं आरसा खाली केला. कारण बरोबर होतं, तो म्हणाला. तेच तर. कारण चूक असतं, लोभ असता, आळस असता, तर तिनं स्वतःला धरून आपटलं असतं आणि मोकळी झाली असती. काकूनं तिच्यासाठी धोंडा उचलला होता आणि तिनं काकूसाठी नियम उचलला, एवढाच हिशेब, आणि त्याच्या मधे एक मेलेली बाई, एक तुटलेला हात आणि एक फुटलेला डोळा. बघणाऱ्यावर तिचा इतका राग होता की बघणं म्हणजे राखणंही असतं हे ती विसरून गेली. काकू पाठ करून उभी राहिली होती खरी, पण डोळे उघडे ठेवून, बांधाकडं बघत. हे तिला नारायणगावच्या पुढं कळलं आणि तिनं गाडी कडेला घेऊन थोडा वेळ नुसतं स्टिअरिंग दाबून धरलं. तक्रार मागं घ्यायची तर ती सयाजीनंच घ्यायला हवी होती. म्हणजे सांगायचं ते सयाजीलाच.

आळेफाट्यावरून मळ्यात पोचेतो पावणेचार झाले. ऊस तुटून गेला होता. खांबाच्या जागी खड्डा होता आणि त्यात पाणी साचलेलं. सयाजी कांद्याला दारं धरत होता, एकेका वाफ्याचं तोंड फोडून पाणी सोडत होता, त्याची बायको अक्षदा बांधाशी खुरपत होती. अक्षदाच्या गळ्यात रबराचा रुंद पट्टा होता, बाहेरून खिळ्यांची टोकं काढलेला; मळ्यातल्या सगळ्या बायका आता असे पट्टे घालूनच वावरात जात होत्या. त्यामुळं तिला मान वळवता येत नव्हती, ती अख्खी वळली आणि उभी राहिली. ताई, चहा ठेवते, म्हणाली. शीलानं नको म्हटलं. वाफ्याच्या कडेला उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं, पुण्यात सांगितलं त्याहून कमी शब्दांत. सयाजी फावड्यावर हात ठेवून ऐकत होता. पाणी वाफा भरून शेजारच्यात फुटलं तरी त्यानं दारं मोडलं नाही.

“म्हंजी बॅटरी व्हती?” त्यानं विचारलं.

“होती. चालू होती. सगळं चालू होतं. झीशाननं काही केलं नाही.”

त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, तळव्याकडं, मग मागून. शीलाला वाटलं होतं की तो रडेल, शिव्या देईल, फावडं उगारेल. त्या सगळ्याची तिनं रस्त्याभर तयारी केली होती. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, “हे अजून कुणाला सांगितलं?”

“पुण्यात ऑफिसात. इथं तुलाच पहिल्यांदा.”

“मंग ऱ्हाऊ द्या.” तो जवळ आला. “शीलाताई, जे झालं ते झालं. तुमी जावा पुण्याला. आईचं नाव घिऊन मारला मी त्याला. सगळ्या मळ्यापुढं. त्यानं न्हाई केलं तर मंग मी कुणाला मारलं? कशापायी मारलं?”

“म्हणूनच तक्रार मागं घे. त्यानं काही केलं नाही.”

“गप ऱ्हावा.”

“त्यानं काही केलं नाही, सयाजी.”

त्याचा हात तिच्या मानेवर पडला. मागून, केसांच्या खाली, अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला, आणि तिचे गुडघे वाफ्याच्या चिखलात गेले, मग तोंड. कांद्याच्या पातीचा उग्र वास नाकात भरला. दातांत माती कचकचली. एकोणीस दिवस जी बोटं ती पाठीमागं शोधत होती ती ही, आता सापडली, आणि नवल असं की भीती वाटली नाही. उजवा हात मोकळा होता. हाताशी अक्षदाचं खुरपं पडलेलं होतं, मूठ बोटांना लागत होती. सकाळी एका चिठ्ठीसाठी तिनं एका भल्या माणसाचं तोंड फोडलं होतं. तिनं खुरपं दूर लोटलं. मग मातीतच म्हणाली की त्यानं काही केलं नाही. हात आणखी दाबला गेला. ती पुन्हा म्हणाली. वर सयाजी रडत होता आणि गप, गप, म्हणत होता, आणि दर गपला तिचं तोंड आणखी खाली जात होतं. श्वास पुरेनासा झाला तरी ती तेच चार शब्द म्हणत राहिली, नंतर नंतर तर ते शब्द राहिलेच नाहीत, नुसती माती हलत होती.

“सोडा तिला.” अक्षदाचा आवाज होता. “मी इस्माईलभाईच्या दुकानात फोन लावलाय.”

बोटं सैल झाली. शीलानं मान वळवून पाहिलं. अक्षदा समोर उकिडवी बसली होती, गळ्यातले खिळे उन्हात चमकत होते, आणि तिच्या चिखलानं भरलेल्या हातात स्पीकरवर टाकलेला फोन होता. त्यातून झीशानच्या आईचा, रुक्सानाचा आवाज येत होता, हॅलो, कौन बोल रहा है, हॅलो. मागं कुठंतरी मोटार फिरत होती, दुकानातली, आणि एक माणूस खोकत होता. सयाजी वाफ्यातच मटकन बसला आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले. अक्षदानं नवऱ्याकडं पाहिलं नाही. तिनं फोन शीलाच्या तोंडाशी, जमिनीवर ठेवला.

“बोला ताई,” ती म्हणाली. “आमी दोघंबी हितंच हाय.”

शीलानं माती थुंकली नाही. ती तशीच तोंडात धरून तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं.